चंदेरी ड्रॉप हँडल घ्यायचंय: जुनं इटालियन, नवं जपानी, लोखंडी क्रोमवालं की आजकालचं जाडं?

सायकलची फ्रेम रंगून आली, चाकं तयार, आणि गाडी अडली ती हँडलपाशी, बहुतेकांचं असंच होतं आणि माझंही झालं. दुकानात ड्रॉप हँडल (रेसर सायकलचं खाली वळलेलं) मागितलं की काळंच पुढे करतात, चंदेरी म्हटलं की "आता कोण घेतं हो ते" म्हणून वर बघतात.

आकार-बिकार नंतर बघू, आधी एखाद्या लेथवाल्याकडून व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) मागून आणा आणि स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, हँडलला जिथे आवळतो ते भोक मोजा. जुन्या जपानी आणि साध्या सायकलींना बहुतेक २५.४ मिमी, इटालियनला २६, त्यातल्याच सिनेली कंपनीच्या जुन्या मालाला २६.४, फ्रेंचला २५, आणि आत्ताच्या बहुतेकांना ३१.८. अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय असं मलाही वाटलं होतं, म्हणून २६ च्या स्टेममध्ये २५.४ चा बार, म्हणजे हँडलच, घातला, मधे कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून सारली आणि कचकून आवळलं. दोन दिवस मस्त चाललं, तिसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवर ब्रेक दाबला तर अख्खं हँडल गपकन खाली फिरलं, पडलो नाही एवढंच.

लोखंडी क्रोमवालं सगळ्यात स्वस्त. हीरो हॉकसारख्या आपल्याकडच्या जुन्या रेसर सायकलींची हँडलं भंगारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) नशीब असेल तर मिळून जातात. जड असतं, अल्युमिनियमच्या दुप्पट तरी भरतं, आणि क्रोम वरून चकचकीत दिसला तरी हँडलवर गुंडाळलेल्या टेपखाली घाम आणि पावसाचं पाणी मुरून गंज धरतो. आणखी एक, ब्रेक लिव्हर बसतात ती नळी रोड बाइकला २३.८ मिमी लागते, ते मोजूनच घ्या, नाहीतर लिव्हर गरगर फिरत बसतील. फोटोपुरती किंवा दुधाच्या पिशवीपुरती सायकल असेल तर हेच घ्या, उगाच खर्च नको.

जुनं इटालियन म्हणजे सिनेली, थ्रीटी, आयटीएम. दिसायला याच्यासारखं दुसरं नाही, मधल्या जाड भागावरची ती कोरलेली नक्षी बघून मी स्वतः दोनदा मोहात पडलोय. पण अल्युमिनियम थकतं, आणि तीस-चाळीस वर्षांत ते हँडल कोणी कितीदा आपटलंय ते आपल्याला कोण सांगणार. विकणाऱ्याकडे टेप काढून फोटो मागा, स्टेमच्या दोन्ही कडांना गोल चरा किंवा केसासारखी रेघ दिसली, कुठे पांढरी भुकटी धरलेली दिसली तर सरळ नाही म्हणा. शिवाय २६.४ चं निघालं तर त्याच मापाचा स्टेमही शोधत बसा.

नवं जपानी म्हणजे मुख्यतः निट्टो कंपनीचं. त्यांचा बी११५ हा २५.४ चा, जुन्या वळणाचा, पॉलिश असा की चष्मा लावून बघावं लागतं नवा की जुना. नूडल मॉडेल २६ चं आहे, वरचा भाग किंचित मागे आपल्याकडे वळलेला, लांबच्या राइडला मनगटं दुखत नाहीत, आणि ४८ सेमीपर्यंत रुंद मिळतं. हाल होतात ते किमतीपायी, बाहेरून मागवलं की वर कस्टम्स आणि कुरिअर. पण नवं असल्यामुळे रात्री झोप लागते.

चौथं म्हणजे ३१.८ मधलं चंदेरी, सोमा कंपनीचं हायवे वन वगैरे. याचं वळण उथळ असतं, खालच्या पकडीत जाताना पाठ मोडत नाही, पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी याचा खरंच विचार करावा. जुन्या फ्रेमला मात्र फ्रेमच्या तोंडात बसणाऱ्या २२.२ मिमीच्या खुंटीचा अडॅप्टर घालून वर नवा स्टेम लावावा लागतो. आणि दिसायचं म्हणाल तर जुन्या स्टील फ्रेमची खालची नळीच २८.६ मिमी असते, म्हणजे हँडल फ्रेमपेक्षा जाड! बारीक अंगाच्या माणसाला पैलवानाच्या मिशा लावल्यासारखं वाटतं. मला नाही झेपलं.

रुंदी बघताना फसू नका, कोणी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं, कोणी बाहेरून बाहेर, दोन-अडीच सेमीचा फरक तिथेच पडतो. विचारून घ्या.

मी शेवटी २५.४ चा स्टेम शोधला आणि बी११५ घेतला. जुना स्टेम एकाच बोल्टचा असतो, समोरून उघडत नाही, बार वळणावरून सरकवत आत न्यावा लागतो आणि त्यात पॉलिशवर ओरखडा हमखास. त्यावर उपाय आहे, स्टेमच्या फटीशेजारच्या कानालाच आटे असतील तर बोल्ट काढून उलट्या बाजूनं घाला, फटीत एक नाणं ठेवा आणि हळूहळू आवळा, बोल्ट नाण्यावर टेकतो आणि भोक थोडं उघडतं. मी रुपयाचं नाणं वापरलं. ते आता वाकडं झालंय, टूलबॉक्समध्ये ठेवलंय, पुढच्या सायकलला लागेल.