जुना अंक घ्यावा की मूळ पान?

भाच्याला पहिला बोनस मिळाला आणि त्याने विचारलं, "मामा, कॉमिकचा जुना अंक घेऊ की चित्रकाराने हाताने काढलेलं पान?"

वरच्या टोकाचे भाव ऐकले की घाम फुटतो. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात झळकला तो 1938 मध्ये 10 सेंटला मिळणारा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला. स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचा उगम दाखवणारं चित्रकार माइक झेक यांचं एकच मूळ पान 2022 मध्ये 33.6 लाख डॉलरला. ते ज्यात छापलं, तो 1984 चा अंक मात्र बोनसमध्ये आरामात बसतो. अंकाच्या हजारो प्रती आहेत, पान एकच.

अंकाचा भाव कळतो, ही मोठी सोय. सीजीसी ही अमेरिकन कंपनी 2000 पासून अंकाला 10 पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करते. कवच फोडलं की ते गुण गेले. मला हे काही पटत नाही. लोणच्याची बरणी आणायची आणि झाकण उघडायचं नाही!

एक मूळ पान मी हातात धरलेलं आहे. शाईखाली खोडलेली पेन्सिल, चुकलेल्या नाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, संवादाची चिकटवलेली पट्टी आणि तिच्या कडेला पिवळा पडलेला डिंक. त्यानंतर छापील अंक जरा निर्जीवच वाटला. पण पानाला ठरलेला भाव नाही. एकाच अंकातलं मारामारीचं पान महाग, दोन माणसं ऑफिसात बोलतायत ते स्वस्त. शिवाय आता बरेच चित्रकार टॅब्लेटवरच काढतात, म्हणजे कागदावरचं पान नसतंच. कधी पेन्सिलकाम स्क्रीनवर होतं आणि त्याच्या प्रिंटवर दुसरा कोणी शाई फिरवतो. हे आधी विचारून घ्यायचं.

गुंतवणूक म्हणून घेणार असशील तर आधी गिऱ्हाइकाचं वय बघ, असं मी त्याला म्हटलं. अमेरिकेत काऊबॉय कॉमिक्सचे वाचक म्हातारे झाले, तशी त्या अंकांची मागणी ओसरली. काळ्या पोशाखावर पैसे ओतणारे 1984 मध्ये शाळेत होते. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स 1964 ते 1990 चाललं. त्यातला वेताळ, म्हणजे फँटम, मराठीतून वाचलेली आम्ही मंडळी आता पन्नाशी-साठीची. भाच्याची पिढी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स वाचते. वीस वर्षांनी माझा वेताळ कोण घेणार? तसाही त्याच्या कण्याला मी लहानपणी सेलोटेप लावलाय, त्याचा तपकिरी डाग पडलाय.

त्यामुळे माझं मत पानाकडे, तेही स्वस्तातल्या, ऑफिसातल्या गप्पांच्या. राम वाईरकर किंवा प्रताप मुळीक या चित्रकारांचं 'अमर चित्र कथा'तलं पान म्हणून काही समोर आलं, तर ते कोणाच्या घरातून आलं याची खात्री करूनच पैसे मोजायचे.

त्याचं अजून ठरत नाहीये. पान घेतलंच तर खिडकीसमोर टांगू नकोस, एवढं मात्र बजावलंय. मार्करची शाई उन्हाने उडते.