फायरप्लेसमध्ये जुनी बिडाची शेगडी: भवानी पेठेतील एका फॅब्रिकेटरच्या कामाचा अनुभव

लष्कर भागातील आमच्या कौलारू बंगल्याच्या दिवाणखान्यात विटांची जुनी फायरप्लेस आहे आणि गेली कित्येक वर्षे तिच्यात रद्दीखेरीज काहीही ठेवले जात नव्हते. पुण्यात असल्या गोष्टीचे काय काम, असे विचारणाऱ्याला जानेवारी १९३५ मध्ये येथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे ऐकवता येते. पण खरे कारण एवढेच, की उंच छताच्या त्या खोलीत पौषातल्या पहाटे हुडहुडी भरते आणि उघड्यावर जाळ केला तर बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जाते. म्हणून जुन्या बाजारात एका बुधवारी मिळालेली, बंद दाराची, लाकडावर चालणारी बिडाची शेगडी तिच्यात बसवायचे ठरले, आणि ते काम हॉटेलांच्या भटारखान्यांसाठी धुराच्या नळ्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडे सोपवले.

शेगडीची डागडुजी त्यांनी उत्तम केली. अंधार करून तिच्या पोटात दिवा ठेवला, तेव्हा मागच्या पत्र्याच्या सांध्यातून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. तेथे त्यांनी उष्णतारोधक सिमेंट भरले. दाराच्या खाचेतील दोरी पार कुजलेली होती. हार्डवेअरच्या दुकानात आधी अ‍ॅस्बेस्टॉसचीच दोरी पुढे करण्यात आली, ती मी नाकारली आणि काचतंतूंची घेतली. दार मिटताना मध्ये कागदाची पट्टी धरली, तर ती ओढून निघू नये, ही परीक्षा चारही बाजूंनी घेतल्यावरच मी पुढच्या कामाला होकार दिला.

घोळ झाला तो नळीत. सहा इंची नळी त्यांनी धुराड्यात जेमतेम चार फूट वर नेऊन सोडून दिली, आणि पहिल्याच संध्याकाळी दिवाणखान्यात धूर कोंडून सगळ्यांना अंगणात उभे राहावे लागले. हॉटेलातल्या नळीला वरून ओढणारा पंखा असतो, आमच्या नळीला ओढ मिळते ती केवळ धुराच्या उष्णतेची, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नव्हता. विटांचे धुराडे आतून नऊ बाय चौदा इंच, म्हणजे १२६ चौरस इंचांचे, आणि नळीचे तोंड सुमारे २८ चौरस इंचांचे. एवढ्या मोठ्या आणि गार पोकळीत शिरताच धूर थंडावतो, रेंगाळतो आणि भिंतींवर डांबरासारखी चिकट काजळी धरू लागतो. हीच काजळी पुढे कधीतरी धुराड्यातच पेट घेते. तांब्याच्या बंबाची नळी अरुंद आणि सरळ का असते, हे मला या निमित्ताने प्रथमच नीट कळले.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी काम मनापासून केले, हे नमूद केलेच पाहिजे. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वळवून केलेले नळीचे तुकडे छपरावरून एकेक करून उतरवले, आणि प्रत्येक सांध्यात वरच्या तुकड्याचे टोक खालच्याच्या आत बसवले, जेणेकरून ओघळणारा चिकटा बाहेर न झिरपता शेगडीतच परत यावा. जुनी झडप काढून धुराड्याचा गळा नळीभोवती पत्र्याने बंद केला आणि त्यावर सिरॅमिक लोकर दाबून बसवली. त्यामुळे खोलीतली ऊब त्या पोकळीतून निसटायची थांबली. वरचे टोक कौलांच्या आढ्यापेक्षा दोन फूट उंच नेले आणि त्यावर पावसासाठी टोपी व पारव्यांसाठी जाळी बसवली. या खेपेची मजुरी त्यांनी घेतली नाही, फक्त पत्र्याचे पैसे घेतले. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या यंत्राचा विषय मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही; ते मी स्वतः आणून लावले, आणि असे काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाने ते लावलेच पाहिजे.

सुरुवातीचे तीन दिवस केवळ काटक्यांचा बारीक जाळ केला, कारण बीड एकदम तापले तर तडकते आणि नव्या सिमेंटमधली ओलही हळूहळू निघावी लागते. लाकूड बाभळीचे वापरतो. वखारीत ते वजनावर मिळते, त्यामुळे ओले लाकूड खपवण्यात विकणाऱ्याचा फायदाच असतो. टोकांना चिरा पडलेले आणि एकमेकांवर आपटल्यावर खणखणणारे तेवढेच मी निवडून घेतो. महिन्याभराने नळी झाडली, तेव्हा मूठभर कोरडी, भुरभुरीत काजळी निघाली.

छपरावर चढताना त्यांच्या माणसांनी फोडलेली सात कौले बदलून द्यायला ‘उद्या सकाळी’ येणारा कारागीर मात्र अजून यायचाच आहे.