१५०-६०० लेन्स, दहा महिने आणि स्कूटरची ट्यूब

शेवटी माझी १५०-६०० लेन्स (दूरचं जवळ आणणारी कॅमेऱ्याची झूम लेन्स; आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं दृश्य जवळ) सर्व्हिस सेंटरमधून तशीच परत आणली. झूमची नळी घसरते, एवढीच तक्रार. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतली आणि ११,४०० रुपयांचा अंदाज दिला. वॉरंटी आहे म्हटलं, तर "झीज वॉरंटीत बसत नाही". दहा महिन्यांत कसली झीज? नको म्हटलं तर तपासणीचे ५९० रुपये वर. पावती जपून ठेवली आहे.

मी ही घेतली ती हरणांसाठी. ताडोबाच्या जिप्सीत बाकीचे पाच जण वाघासाठी बसलेले असतात. चितळानं कॉल (धोक्याची हाक) दिला की सगळ्या माना झाडीकडे वळतात, आणि मला मात्र तेच चितळ हवं असतं: शेपटी ताठ, पुढचा एक पाय उचललेला, नजर एका जागी खिळलेली. "भाऊ, वाघ तिकडे येईल, चितळं काय काढता?" हे दर सफारीला ऐकतो.

तर घसरण. लेन्स खाली झुकली की नळी आपोआप बाहेर येते, वर केली की आत जाते. नागझिऱ्याला तलावाच्या पाळीवरून खाली पाणी पिणारा कळप टिपत होतो. ३०० वर ठेवलेली लेन्स हळूहळू ६०० वर गेली आणि निम्मा कळप फ्रेमबाहेर. ताडोबात मोहर्लीकडे उलटं झालं. नाल्याच्या वरच्या काठावर मोठ्या शिंगांचं सांबर उभं, बीनबॅगवर (लेन्स टेकवायच्या भरीव पिशवीवर) लेन्स वर रोखलेली, आणि ६०० ची ४०० कधी झाली कळलंच नाही. लॉक आहे, पण तो फक्त १५० वर बसतो. दीडशेवर सांबर म्हणजे झुडपातला तपकिरी ठिपका.

आता एक कबुली. डिसेंबरात मी चौघांना सांगितलं होतं की ही लेन्स मऊ आहे, म्हणजे फोटो धारदार येत नाहीत, घेऊ नका. ते शब्द मागे. दोष लेन्सपुढे लावलेल्या ७०० रुपयांच्या काचेचा, यूव्ही फिल्टरचा होता. "काच वाचेल" म्हणून मीच स्वस्तातला चढवला होता. फेब्रुवारीत तो काढला आणि चितळाच्या कानातले केस मोजता येतील असे फोटो आले. मे महिन्यात पुन्हा सगळं धुरकट, पण तेव्हा तापलेली हवाच लहरत होती. नऊनंतर लांबच्या हरणाच्या नादी लागत नाही. कितीही महाग लेन्स आणा, ती हवा शांत करणार नाही.

बाकी थोडक्यात. उन्हात चितळाचे पांढरे ठिपके जळतात, म्हणजे नुसते पांढरेफटक येतात, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, फोटो थोडा गडद. संध्याकाळी गर्द सांबराला कॅमेरा उगाच उजळ करतो, तिथंही खालीच. ६.३ चं अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश येण्याचं छिद्र) त्या वेळी अपुरं पडतं. सांबर स्थिर असेल तर १/२५० सेकंदाच्या शटरवर भागतं, पण ड्रायव्हरला आधी इंजिन बंद करायला सांगा. नाहीतर बीनबॅगसुद्धा थरथरते. बॅगेत मी तांदूळ भरतो. घरी परतल्यावर त्याचाच भात होतो, बायकोला सांगितलेलं नाही.

आणि घसरणीवरचा उपाय मिळाला पंक्चरच्या दुकानात. आधी सायकलची ट्यूब कापून घेतली, ती चढेचना. मग स्कूटरच्या ट्यूबचा तीन बोटं रुंद पट्टा: हूड (लेन्सच्या तोंडावरची सावलीची कड) काढून पुढून सरकवायचा, अर्धा झूम रिंगवर, अर्धा नळीवर. दहा रुपये. नळी आता जिथे ठेवावी तिथे थांबते, झूम फिरवायला किंचित जड जातं इतकंच. उन्हात रबर चिकट होऊन नळीवर काळा डाग राहतो, तो पुसतो. हे ११,४०० चं काम होतं!

१ जुलैपासून ताडोबाचा कोअर (आतला मुख्य भाग) पावसाळ्यापुरता बंद असतो, त्यामुळे पट्ट्याची खरी परीक्षा ऑक्टोबरात. बॅगेत दुसरा कापून ठेवला आहे. लेन्स विकायची जाहिरात काढून टाकली. ज्यांनी अर्ध्या किमतीत मागितली होती त्यांनी पुन्हा फोन करू नये.