वाळवलेलं सफरचंद: दिवाळीपासून श्रावणापर्यंत वापरून बघितल्यावर

मागच्या दिवाळीत सुक्या मेव्याबरोबर सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या घरात आल्या आणि तेव्हापासून त्यांचा डबा रिकामा झालेला नाही. थंडी, सोलापूरचा मे महिना आणि पावसाळा, तिन्ही ऋतू बघून झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. येता-जाता तोंडात टाकायचा खाऊ म्हणून घ्याल तर महागही पडेल आणि साखरही नकळत पोटात जाईल. गोडाच्या पदार्थात गूळ-साखरेचा काही भाग कमी करायला घ्याल तर हा जिन्नस फार गुणाचा आहे.

बाजारात एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू मिळतात. पहिल्या म्हणजे मऊ, चिवट, मधे भोक असलेल्या चकत्या. मी वापरते त्या ह्याच. दुसरे कुरकुरीत, हलके, जिभेवर विरघळणारे तुकडे. ते गोठवून वाळवलेले असतात, मुलांना आवडतात, पण भाव चांगलाच चढा. तिसरे चिप्स, त्यातले काही तळलेले असतात. पाकिटामागच्या तक्त्यात फॅटची ओळ बघा, नुसतं वाळवलेलं असेल तर तो आकडा शून्याच्या जवळ असतो. आणि चौथा प्रकार पाकात मुरवलेल्या चौकोनी फोडींचा. ऑनलाइन मागवलेलं असं एक पाकीट आमच्याकडे आलं होतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात फळाचं नाव, मागे बारीक अक्षरात घटकांच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर. फोडी चकचकीत, बोटाला चिकटणाऱ्या, आणि चवीला नुसत्या गोड, आंबटपणाचा मागमूस नाही. घटकांच्या यादीत फक्त सफरचंद असावं, फार तर एखादा संरक्षक. बाकी काही दिसलं तर पाकीट जागेवर ठेवून द्यावं.

त्या संरक्षकाबद्दल थोडं. मधल्या मारुतीजवळच्या ज्या दुकानातून मी सुटा माल घेते तिथे दोन्ही रंगांच्या चकत्या असतात, फिकट पिवळसर आणि तपकिरी. दुकानदार पहिल्या वेळी म्हणाले, "ताई, पांढरंच न्या की ओ, तपकिरी कोण घेत नाही." सफरचंद चिरलं की हवा लागून काळं पडतं, हे आपण रोज बघतो. फळातल्या एका एन्झाइमचं ते काम. रंग उजळ राहावा म्हणून सल्फर डायऑक्साइड किंवा सल्फाइट वापरतात, पाकिटावर २२० ते २२४ मधला एखादा आयएनएस क्रमांक (खाद्यपदार्थात घातलेल्या रसायनाचा ठरलेला आकडा) दिसतो. पंढरपूर-कासेगावकडची बेदाण्याची शेड ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे नवीन नाही. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तसंच हे. ठरलेल्या मर्यादेत ते चालतं, पण दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटने त्रास होतो. माझ्या मोठ्या जाऊबाईंना दमा आहे, म्हणून आमच्याकडे तपकिरीच येतात. चव मला तपकिरीचीच जास्त खोल वाटते.

आता पोषणाचं. १०० ग्रॅम ताज्या सफरचंदात साधारण ५२ कॅलरी, १० ग्रॅम साखर आणि सव्वादोन-अडीच ग्रॅम तंतू असतात, आणि ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. तेच मऊ वाळवलं की १०० ग्रॅममध्ये २४३ कॅलरी, ५७ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ८.७ ग्रॅम तंतू. नवीन काही तयार झालेलं नसतं, पाणी गेलं म्हणून सगळं दाटलेलं असतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम म्हणजे छोटी मूठभर चकत्या. त्यात ७३ कॅलरी, १७ ग्रॅम साखर आणि अडीच ग्रॅम तंतू, म्हणजे एका मध्यम सफरचंदापेक्षा थोडं कमीच. पण अख्खं सफरचंद खाताना दहा मिनिटं जातात आणि पोट भरतं. तेवढ्याच चकत्या टीव्हीसमोर दोन मिनिटांत संपतात आणि हात परत डब्यात जातो. खरी अडचण इथे आहे.

माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांच्या आहारतज्ज्ञांनी सांगितलं की खायचं तर सकाळच्या फळाच्या ऐवजी, फळाच्या जोडीला नाही. म्हणून ते मोजून चार चकत्या आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे एकत्र खातात. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं, शिवाय तेल, त्यामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. त्यांच्याकडे बघून आता घरातले सगळेच तसे खातात.

"सुका मेवा आहे, रक्त वाढतं" असं आमच्या शेजारी बरेच जण म्हणतात. काळजीपोटी म्हणतात, पण आकडा वेगळं सांगतो. १०० ग्रॅममध्ये लोह १.४ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मूठभर चकत्यांत अर्धा मिलिग्रॅमही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलेलं आहे. रक्त कमी असेल तर अळीव, पालेभाज्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या, सफरचंदाच्या भरवशावर राहू नये. व्हिटॅमिन सीचंही तेच. सफरचंदात ते मुळातच थोडं, वाळवताना आणखी जातं. त्यासाठी पेरू खावा. पोटॅशियम मात्र बरं असतं, १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅमच्या आसपास. तंतूंमधलं पेक्टिन तर पोटाला चांगलंच. सासूबाईंचं पोट साफ होण्यात फरक पडला, तो भिजवलेल्या चकत्यांमुळे आणि सोबत प्यायलेल्या पाण्यामुळे. अति खाल्लं तर उलटं होतं, गॅस धरतो.

स्वयंपाकाकडे येते, कारण माझा खरा जीव इथे आहे.

भिजवणं आधी. चकत्या कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापायच्या (सुरीला चिकटतात) आणि बुडतील एवढ्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायच्या. पाणी हळूहळू सोनेरी होतं आणि झाकण काढलं की ताज्या सफरचंदाचा वास येतो. ते पाणी फेकायचं नाही, गोडवा आणि आंबटपणा बराचसा त्यातच उतरलेला असतो.

आमच्याकडे सणाला हुग्गी होते, गव्हाची खीर. गहू शिजून मऊ झाला की भिजवलेल्या फोडी पाण्यासकट घालायच्या, त्या दाबल्यावर दबतील इतक्या शिजू द्यायच्या आणि मगच गूळ. हा क्रम महत्त्वाचा. गोडात पडल्यावर फोडी मऊ व्हायचं थांबतात, चिवट राहतात. नेहमी लागतो त्याच्या दोन तृतीयांश गूळ पुरतो. सुंठ, वेलदोडा, खसखस, खोबरं नेहमीसारखं. दूध शिजताना घालू नये, आंबटपणाने फाटतं. ताटात वाढल्यावर वरून कोमट दूध आणि तूप. श्रावणी सोमवारी संध्याकाळी ही हुग्गी केली, तेव्हा सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. कवळीमुळे सुक्या चकत्या त्यांना चावत नाहीत, खिरीतल्या फोडी मात्र जिभेनेच मोडतात.

रोजच्या जेवणात सगळ्यात जास्त होते ती कोशिंबीर. घट्ट दह्यात भिजवून निथळलेल्या फोडी, मीठ, थोडं भरडलेलं जिरं आणि वर आपली शेंगा चटणी सढळ हाताने. लसणाचा तिखटपणा, दह्याची आंबट चव आणि मधेच दाताखाली येणारी गोड फोड. कडक भाकरी कुस्करून त्यावर ही कोशिंबीर घेतली की उन्हाळ्यात दुसरं काही नको वाटतं.

चटणीही करते. भिजवलेल्या फोडी, लाल मिरची, जिरं, सुंठ, मीठ आणि चिंचेचं एक बुटुक, सगळं त्याच पाण्यात वाटायचं. गूळ अजिबात लागत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, धपाट्यांबरोबर छान लागते. शिऱ्यात, राजगिऱ्याच्या लाडवात, पुलावात घालून झालं. शिरा उत्तम, लाडू बरा. पुलाव आम्हाला नाही रुचला. थंडीत चार तुकडे आणि दालचिनी पाण्यात उकळून बिनसाखरेचा काढाही चांगला होतो.

मुलांच्या डब्यात देत असाल तर एवढं सांभाळा: चकत्या दाताला चिकटतात, खाल्ल्यावर चूळ भरायची सवय लावा.

टिकण्याच्या बाबतीत आपला उन्हाळा आणि पावसाळा दोन वेगळे त्रास देतात. मे महिन्यात डबा नीट बंद नसला की चकत्या चामड्यासारख्या कडक होतात. भिजवून वापरायच्या असतील तर त्याने काही बिघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उलट दमट हवेने चिकट होतात, आणि तेव्हा बुरशीची भीती असते. पावसाळ्यात मी थोड्याच आणते आणि काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवते.

भावाचं गणित सोपं आहे. एक किलो मऊ चकत्यांना ताजी सफरचंदं पाच-सहा किलो लागतात. प्रतवारीत बाजूला पडलेली फळं वाळवतात, त्यामुळे थोडं स्वस्त मिळणं समजू शकतं. पण ताज्या भावाच्या दुपटीतच वाळवलेलं मिळत असेल तर साखरेचं वजन आहे का ते बघा.

घरीही करता येतात, आणि त्यासाठी आपल्या गावाची हवा चांगली आहे. काश्मीरमध्ये हिवाळ्याच्या बेगमीसाठी भोपळा, वांगी, टोमॅटो यांच्याबरोबर सफरचंदाच्या फोडीही वाळवतात. हिमाचल-काश्मीरचा नवा माल ऑगस्टपासून बाजारात येतो, ऑक्टोबरात भाव उतरलेला असतो आणि तेव्हाच आपल्याकडे पाऊस सरून कोरडं ऊन पडतं. साल ठेवून, बिया काढून, तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा. दहा मिनिटं लिंबाच्या पाण्यात ठेवा, निथळा, जाळीवर एकेक पसरा आणि वर मलमलचं फडकं टाका. संध्याकाळी आत घ्या. दोन-तीन दिवसांत चकती दुमडली तर तुटत नाही आणि फाडून दाबली तर ओल दिसत नाही, अशी झाली की बरणीत भरा. आठवडाभर रोज एकदा बरणी हलवा. काचेवर आतून वाफ धरली तर चकत्या काढून परत उन्हात टाका.