तिकिटांच्या नावाखाली १९,२७८ रुपये गेले : वॉटर पार्कचे 'फॅमिली पॅकेज' घेण्यापूर्वी हे वाचा

हा प्रकार लिहावा की लिहू नये, या विचारात माझे जवळजवळ तीन महिने गेले. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ई-पीक पाहणी भरून घेण्यासाठी आणि पीएम किसानची केवायसी करून घेण्यासाठी लोक माझ्याकडे मोबाइल घेऊन येतात. त्याच माणसाने स्वतःच्या हाताने पिन टाकून पैसे घालवले, हे कोणाला कळू नये असे मला फार वाटत होते. परंतु मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातील एका शिक्षकांनी त्याच छायाचित्रांची जाहिरात माझ्यापुढे धरून "हे खरं असेल का?" असे विचारले, तेव्हा आता गप्प बसणे हा दुसऱ्याचा घात ठरेल हे लक्षात आले. ७,४३९ अधिक २,२०० अधिक ९,६३९, असे माझे एकूण १९,२७८ रुपये गेले. हे पैसे चण्याच्या चुकाऱ्याचे होते आणि खरिपाच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवले होते.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मे महिन्यात ताई मुलांना घेऊन माहेरी येते. तिची दोन आणि माझी दोन अशी चार मुले खोपोलीजवळच्या मोठ्या थीम पार्कचे व्हिडिओ पाहून रोज मागे लागत असत. तिकडे जाणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते, म्हणून नागपूरजवळच्या एका वॉटर पार्कला सगळ्यांनी एक दिवस जायचे ठरले. आई, मी, पत्नी, धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी, ताई आणि भाऊजी असे सात मोठे आणि चार मुले. याच सुमारास फेसबुकवर त्या पार्कच्या नावाची, त्याच्याच लाटांच्या तलावाची आणि घसरगुंड्यांची छायाचित्रे असलेली जाहिरात दिसली. मोठ्यांना ७४९ आणि मुलांना ५४९ रुपये, त्यातच दुपारचे जेवण आणि लॉकर. मी त्या पानाचे नाव वाचले, छायाचित्रे पाहिली, खालचे 'फार छान अनुभव' असे अभिप्रायही वाचले. ते पान केव्हा तयार झाले, एवढेच मात्र पाहिले नाही. 'पेज ट्रान्सपरन्सी' या भागात ती तारीख आणि पानाचे आधीचे नाव दोन्ही दिसतात. ते पान जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीचे होते आणि त्याआधी ते कपड्यांच्या सेलचे होते, हे मला पैसे गेल्यानंतर कळले.

मी भोळेपणाने फोन केला असे कोणी समजू नये. पलीकडच्या माणसाने मुलांचे वय न विचारता उंची विचारली. अशा पार्कांमध्ये मुलांचे तिकीट उंचीवर ठरते, हे मला माहीत होते. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचे कपडे लागतात, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, आईला पाण्यात उतरायचे नसले तरी तिकीट घ्यावे लागेल, हे सगळे त्याने न विचारता सांगितले. इतकी बारीक माहिती देणारा माणूस पार्कचाच असणार, असे माझ्या जागी कोणालाही वाटले असते. आता कळते की ही माहिती पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचायला मिळते, आणि त्याने ती तिथूनच उचलली होती.

आता ज्या क्षणी मी थांबायला हवे होते त्याबद्दल सांगतो, कारण तो क्षण आजही रात्री डोळ्यांपुढे येतो. १५ मे, गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. मी ओट्यावर बसलो होतो, दिव्याभोवती किडे घोंघावत होते आणि मुले माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहत होती. त्याने पाठवलेला क्यूआर कोड मी स्कॅन केला, ७,४३९ ही रक्कम आली, आणि रकमेच्या वर पैसे घेणाऱ्याचे नाव आले. ते नाव पार्कचे नव्हते, कंपनीचे नव्हते, एका बाईचे होते. पहिले नाव आणि आडनाव, बस. मी ते मोठ्याने वाचले. पत्नी आतून म्हणाली, "हे कोणाचं नाव आहे, विचारून तर घ्या." मी विचारले. "सर, मॅडम आमच्या अकाउंट विभागात आहेत, ऑफरचं कलेक्शन त्यांच्याच खात्यात आहे," असे उत्तर एका श्वासात आले, जणू ते शंभरदा देऊन झाले होते. आणि मी पिन टाकला. शेकडो लोकांची तिकिटे विकणारी संस्था एका बाईच्या बचत खात्यात पैसे का घेईल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर एक रुपयाही गेला नसता. पडद्यावरचे नाव वाचा. तिकिटावर ज्याचे नाव आहे त्याचेच नाव तिथे नसेल तर तो व्यवहार तिथेच सोडा, मग समोरचा काहीही सांगो.

दुसऱ्या दिवशी लॉकर आणि कपड्यांची अनामत म्हणून माणशी २०० प्रमाणे २,२०० रुपये मागितले आणि ते संध्याकाळी परत मिळतील असे सांगितले. तेही भरले. त्यावर पार्कचे चिन्ह, आमची संख्या आणि चौकोनी कोड असलेली पीडीएफ आली.

१८ मे, रविवार. सहा हजारांत ठरवलेली क्रूझर गाडी पहाटे पाच वाजता निघाली. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत साडेनऊच्या सुमारास आम्ही फाटकावर पोहोचलो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने तालुक्याच्या बाजारातून आणलेला निळा नायलॉनचा पोशाख घरूनच फ्रॉकच्या आत घातला होता. फाटकावरच्या मुलाने कोड स्कॅन केला, पुन्हा केला, आणि "हे आमचं तिकीट नाही," असे म्हणून मोबाइल परत दिला. मागे रांग वाढत होती. बाजूला व्हा, असे लोक म्हणू लागले.

मी त्याच क्रमांकावर फोन केला आणि त्या माणसाने तो उचलला. हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणारा फोन बंद करून पळतो असा आपला समज असतो. तो म्हणाला, "सर, सर्व्हर बंद आहे, तुम्ही खिडकीवर तिकीट काढा, मी तुमची पूर्ण रक्कम आत्ता परत करतो." लगेच दुसरा क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर ९,६३९ ही अगदी माझ्याच दोन रकमांची बेरीज दिसली, म्हणून मला ते परतीचेच पैसे वाटले. आई फाटकाच्या भिंतीशी सावली शोधत होती, मुले आतला पाण्याचा आवाज ऐकत होती, आणि दहा माणसांच्या नजरा माझ्यावर होत्या. भाचा जवळ उभा होता. तो म्हणाला, "मामा, पैसे घ्याले पिन कायले लागते?" मी त्याला गप्प केले आणि पिन टाकला. ९,६३९ रुपये कटले.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे मला माहीत होते. गावातल्या दहा जणांना मी स्वतः हे सांगितलेले आहे. तरीही घाईत, उन्हात आणि माणसांसमोर लाज जाऊ नये म्हणून माझा हात चालला. ज्यांना वाटते की हे फक्त अडाण्यांच्या बाबतीत घडते, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

"दोन्ही व्यवहार एकदम परत येतील, पुन्हा एकदा करा," असे तो म्हणाला तेव्हा भाऊजींनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. नाहीतर बियाण्याचे उरलेले पैसेही गेले असते.

पार्कच्या कार्यालयातील माणसाने सांगितले की असे लोक जवळजवळ दर रविवारी येतात. मग फाटकावर, तिकीट खिडकीवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर एक ठळक सूचना लावायला काय लागते? "आमचा त्याच्याशी संबंध नाही," हे त्यांचे उत्तर. त्यांच्या नावावर, त्यांच्या छायाचित्रांवर लोक लुटले जातात आणि संबंध नाही!

१९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक मी फाटकावरूनच लावला. चाळीस मिनिटांनी लागला. तक्रार घेणाऱ्या मुलीने व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक मागितला आणि तो शोधण्यात माझी आणखी दहा मिनिटे गेली. व्यवहाराच्या तपशिलात तो असतो, आधी तो कागदावर लिहून घ्या, मगच फोन लावा. ही मिनिटे महत्त्वाची आहेत, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात पळवले जातात, आणि जे खात्यात उरलेले असते तेवढेच गोठवता येते. माझे १,३१२ रुपये गोठले. बाकीचे तोपर्यंत निघून गेले होते.

त्यानंतर नागपूर शहरातल्या पोलीस ठाण्यात गेलो. खाते आणि मोबाइल यवतमाळ जिल्ह्यातला, तिकडे तक्रार द्या, असे ठाणे अंमलदार म्हणाले. सोमवारी तालुक्याच्या ठाण्यात गेलो, तर घटना नागपूरला घडली, इथे कशी घेणार, असे उत्तर मिळाले. मंगळवारी जिल्ह्याच्या सायबर कक्षात दोन तास बाकावर बसवून, पोर्टलवर तक्रार आहे ना, मग वाट पाहा, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांनी मात्र मला दीडशे किलोमीटरच्या दोन टोकांना चेंडूसारखे टोलवले. एका साहेबांनी तर, "पिन तुम्हीच टाकला ना? मग चोरी कशी?" असे चार लोकांसमोर विचारले. चोरी नसेल, फसवणूक तर आहे, आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. फसलेल्या माणसाला खजील करून परत पाठवले की ठाण्याच्या नोंदवहीत गुन्हा वाढत नाही, याखेरीज या वागण्याचे दुसरे कारण मला दिसत नाही.

बँकेतही तेच. शाखा व्यवस्थापकांनी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधार दिला. ग्राहकाच्या चुकीने गेलेल्या रकमेचा भार, तो बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकावर असतो. हे मी मान्य करतो. पण त्याच परिपत्रकानुसार कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते, आणि म्हणूनच कळवल्याची तारीख-वेळ असलेली पोच महत्त्वाची असते. ती पोच देण्यासाठी मला तीन फेऱ्या मारायला लावल्या. तोंडी सांगून घरी येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, त्यासाठी पैसे लागत नाहीत. माझी तक्रार तिथे गेली आहे. गोठलेले १,३१२ रुपये सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा, असे मला सांगण्यात आले. त्यासाठी वकिलाला किती द्यावे लागतील, हे सांगायची गरज नाही.

२०२५ मध्ये बीटी कपाशीच्या बीजी-२ बियाण्याचे पाकीट ९०१ रुपयांना होते. माझ्या गेलेल्या पैशांत एकवीस पाकिटे आली असती. जूनमध्ये कृषी केंद्रातून बियाणे उधारीवर आणावे लागले, आणि कापूस निघाल्यावर ती उधारी फेडायची आहे. क्रूझरचे सहा हजार वेगळेच. परतीच्या वाटेवर वर्ध्याच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली आम्ही बरोबरच्या पोळ्या खाल्ल्या. मुलीने तो निळा पोशाख घरी येईपर्यंत काढला नाही.

आणखी एक सांगायचे आहे. राखीला ताई आली तेव्हा मी तिच्या मोबाइलवरून फेसबुकवर शोध घेतला. पानाचे नाव बदलले होते, लाटांच्या तलावाचे छायाचित्र तेच होते, आणि मोठ्यांचा दर आता ६९९ झाला होता. खाली नवा क्रमांक होता. तो ताईच्या मोबाइलवरून लावला. दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला आणि मेमध्ये ऐकलेल्या त्याच आवाजाने विचारले, "नमस्कार मॅडम, किती जण येणार आहात? मुलांची उंची सांगता का?"