स्टेबल डिफ्युजन एक्सएल: शहापुरातल्या डिझाइनच्या दुकानातला अनुभव

दिवाळीपासून दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्युजन एक्सएल, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं एआय मॉडेल, रोज चालू आहे. सुरुवातीला फूकस या सोप्या प्रोग्रॅममधून वापरलं, आता कम्फीयूआयमधून वापरतो. बेळगावच्या शहापुरात माझं फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि पाट्यांच्या डिझाइनचं काम आहे. गिऱ्हाईक बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं. यूट्यूबवर दाखवतात तसले अंतराळवीर आणि चमकणारी शहरं माझ्याकडे कुणी मागत नाही. मागतात कुंद्याच्या बॉक्सवरचं चित्र, नऊवारीतली नवरी, मंडळाच्या चित्ररथामागचा किल्ला. असल्या कामात चांगलं चित्र कसं निघतं, एवढंच इथे सांगतोय.

नुसतं नाव सांगून भागत नाही. २०२३ साली आलेलं हे मॉडेल शिकलंय ते मुख्यतः इंग्रजी मजकूर जोडलेल्या चित्रांवर. त्यात आपला कुंदा कितीसा असणार? ‘बेळगावी कुंदा’ लिहिलं की कधी केक येतो, कधी गुलाबजाम. म्हणून डोळ्यांना जे दिसतं ते साध्या इंग्रजीत लिहायचं: स्टीलच्या वाटीत दाणेदार, गडद तपकिरी दुधाचा गोड पदार्थ, तुपाची चमक, वर काजूचे तुकडे, डावीकडून खिडकीचा उजेड, कॅमेरा जवळ. असं लिहून काढलेलं चित्र एका मिठाईवाल्या मामांना दाखवलं, तर म्हणाले, ‘‘आता खावंसं वाटतंय की ओ!’’

वस्तू आधी, मग ती कशाची आहे, मग उजेड, मग कॅमेरा किती लांब, हा क्रम मला सगळ्यात लागू पडला. ‘अप्रतिम’, ‘जगातलं सर्वोत्तम’, ‘८के’ असले शब्द मी काढूनच टाकले. हे मॉडेल एका वेळी ७७ टोकनच (शब्दांचे तुकडे) वाचतं, म्हणजे इंग्रजीतले साधारण पन्नास-साठ शब्द. त्यापुढचं प्रोग्रॅम तुकडे करून भरवतो आणि त्याचा जोर कमी पडतो. मोजकीच जागा आहे, ती कौतुकात कशाला घालवायची?

काही गोष्टी शब्दांनी होतच नाहीत. नऊवारीचा काष्टा कितीही वर्णन करा, घागराच तरी येतो नाहीतर गोल साडी तरी. किल्ल्याचंही तसंच. किल्ला म्हटलं की राजस्थानातला महाल किंवा युरोपातला बुरूज हजर. इथे कंट्रोलनेट लागतं. आपण एक फोटो द्यायचा, त्यातून कडांची रेघ किंवा जवळ-लांबचा नकाशा निघतो आणि मॉडेल त्या चौकटीत राहून रंगवतं. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा फोटो मी स्वतः मोबाईलवर काढला, जवळ-लांबचा नकाशा घेतला आणि कंट्रोलनेटचा जोर ०.६ च्या आसपास ठेवला. तटबंदीची वळणं तशीच राहिली. वर पावसाळी आभाळ आलं, खाली मशालींचा उजेड आला. मंडळाची पोरं बघून म्हणाली, ‘‘हा आपलाच गड की!’’ मला तेच हवं होतं. जोर १ ला नेला तर चित्र फोटोसारखं ताठ होतं, ०.३ ला आणलं तर गड परत परदेशी व्हायला लागतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदी या जैन मंदिराच्या छतावर कोरलेलं कमळ असंच कडांच्या रेघेवरून उतरवलं. पाकळ्यांची रचना नुसत्या शब्दांतून कधीच आली नसती.

आता गर्दीबद्दल, कारण बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक म्हटली की गर्दी आलीच. मागच्या रांगेतले चेहरे वितळलेले का दिसतात? मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही, आठपट लहान केलेल्या रूपावर करतं. १०२४ बाय १०२४ चं चित्र आत १२८ बाय १२८ चं असतं. म्हणजे चाळीस पिक्सेलचा चेहरा आत पाच घरांत बसवायचा. नाक, डोळे, मिशा एवढ्याशा जागेत कुठून येणार? उपाय असा, की पुढचे चार-पाच जण मोठे ठेवायचे, मागचे पाठमोरे, फेटे दिसतील असे. मग बिघडलेल्या चेहऱ्यावर मास्क लावून, म्हणजे तो भाग निवडून, तेवढाच मोठा करून रंगवून घ्यायचा. प्रोग्रॅम तो तुकडा पूर्ण आकारात करतो आणि जागेवर परत बसवतो. डिनॉइज, म्हणजे जुनं चित्र किती बदलायचं तो आकडा, ०.४ ते ०.५ ठेवला तर माणूस तोच राहतो, चेहरा सुधारतो. या एका सोयीसाठी मी हे मॉडेल सोडणार नाही.

छत्रपतींचा चेहरा मात्र मी मशीनकडून कधीच काढून घेत नाही. मंडळाकडे त्यांच्या मूर्तीचा फोटो असतो, तोच वापरतो. दरवेळी वेगळा चेहरा काढणारं यंत्र तिथे चालणार नाही, आणि लोकांनीही ते खपवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हयात चित्रकारांचं नाव टाकून त्यांची शैली उचलणंही मी करत नाही.

अक्षरांचं सांगतो. देवनागरी जोडाक्षर आणि कन्नड ओत्तक्षर (तिकडचं जोडाक्षर), दोन्ही या मॉडेलच्या आवाक्याबाहेर आहेत. दिसायला लिपीसारखं, वाचायला काहीच नाही. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कर्नाटक राज्याचा कायदा आहे, त्यामुळे दोन लिप्यांना पुरेल एवढी मोकळी जागा चित्रातच लागते. ‘वरचा अर्धा भाग मोकळं आभाळ, वस्तू खाली उजवीकडे’ असं लिहितो आणि अक्षरं नंतर कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये टाकतो, मराठी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, कन्नड नुडीच्या. जागा आधी ठरवली की नंतर चित्र कापावं लागत नाही.

आकाराचंही आधीच बघावं. या मॉडेलचं शिक्षण १०२४ बाय १०२४ एवढ्या क्षेत्रफळाच्या चित्रांवर झालंय. एकदम मोठं चित्र मागितलं की एका माणसाला दोन धडं येतात. दहा बाय चार फुटांच्या फ्लेक्ससाठी मी १५३६ बाय ६४० चं काढतो आणि रियल-ईएसआरगॅन या चित्र मोठं करणाऱ्या मॉडेलने चौपट करतो. ६१४४ पिक्सेल दहा फुटांवर पसरले की इंचाला ५१ येतात. चौकात टांगलेल्या फ्लेक्सला तेवढं पुरतं. पत्रिका हातात धरून वाचतात, तिथे इंचाला ३०० लागतात, पण कागदच लहान असल्यामुळे अडत नाही.

सेटिंग फार हलवू नका. स्टेप (चित्र किती टप्प्यांत काढायचं) ३०, सीएफजी (लिहिलेल्या वर्णनाला किती धरून राहायचं) ५ ते ७. आधी सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, मोकळा ठेवून बरीच चित्रं काढा, मांडणी आवडली की तो सीड धरा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

तक्रारी आहेत. हातांची बोटं अजून तपासावी लागतात. नवरीची नथ भलत्याच नाकपुडीत जाते. कम्फीयूआय शिकायला चिकाटी लागते. आठ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर काम होतं, पण कंट्रोलनेट जोडलं की हळू होतं. नवीन घेणार असाल तर बारा जीबीचं घ्या. २०२४ मध्ये आलेलं फ्लक्स हे दुसरं मॉडेल लांब वाक्यं जास्त चांगली समजतं, पण माझ्या कार्डाला ते जड जातं. एक्सएलचं लायसन्स धंद्याच्या कामाला चालतं आणि दरमहा भाडं नाही, म्हणून मी इथेच आहे.

ज्यांचं काम नुसत्या पाट्यांचं आणि अक्षरांचं आहे, त्यांनी कार्डावर पैसे घालण्याआधी थांबावं. लग्नपत्रिका, मिठाईचे बॉक्स, मंडळांचे देखावे करणाऱ्यांनी जरूर घ्यावं, आणि त्याआधी आपल्या गावच्या गडांचे, देवळांचे, काष्ट्याचे चांगल्या उजेडातले फोटो काढायला लागावं.