दात काढून ब्रेसेस केलेत? तारा निघाल्यावर चावा (वरखालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते) तपासून घ्यायचा तर हे क्लिनिक चांगलं

लेकीचे पुढचे दात खूपच बाहेर होते म्हणून वरखाली दोन्हीकडच्या पहिल्या उपदाढा काढून ब्रेसेस लावले होते. गॅप भरून आली, हसू छान दिसायला लागलं, ते बहुतेक ठिकाणी होतंच हो, पण मी लिहितेय ते तारा निघाल्यानंतर इथे जे केलं त्यासाठी, कारण दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने चावलं जातंय का हे कितीजण बघतात?

तारा निघाल्यावर ती सगळं डावीकडूनच चावायची, उजव्या दाढा टेकतच नाहीत म्हणायची. मॅडमनी आधी तो निळा कागद चावायला दिला आणि दाखवलं की डाग कुठे पडला ते यावरून कळतं पण जोर किती पडला ते नाही कळत, मोठा गडद डाग म्हणजे जास्त जोर असं काही नसतं. मग टी-स्कॅन केला. पातळ फिल्मसारखा सेन्सर दातांत धरून चावायचं, दुखत वगैरे काही नाही, आणि स्क्रीनवर कुठला दात आधी टेकतो, कुठे भार जास्त येतो ते रंगांत दिसतं, शिवाय डाव्या-उजव्या बाजूची टक्केवारी. हिचं डावीकडे 60 च्या वर होतं!! हे मशीन एकूण जोरातला वाटा सांगतं, जोर किलोत नाही सांगत, आणि बरोब्बर 50-50 क्वचितच येतं, त्यामुळे थोडा फरक दिसला तर घाबरू नका.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे जास्त भार येणारे दात लगेच मशीनने घासून कमी करायला घेतले नाहीत. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही, आणि ब्रेसेस काढल्यावर पहिले काही महिने दात आपणहून थोडे सरकून एकमेकांवर बसतात, त्याला सेटलिंग म्हणतात, तेवढा वेळ द्या म्हणाल्या. म्हणूनच हॉले रिटेनर (दात परत जुन्या जागी जाऊ नयेत म्हणून घालायची, काढता येणारी तारेची प्लेट) दिला, तो दाढांच्या चावायच्या भागावर येत नाही, पारदर्शकवाला दिसायला भारी पण तो दाढा झाकतो मग त्यांना बसायला वाव कमी मिळतो. काढलेल्या दातांच्या जागी शेजारचे दात नुसते कलंडलेत की मुळासकट सरकलेत हे पण ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) काढून बघितलं.

नंतरच्या स्कॅनला फरक बराच कमी झाला होता, मग फक्त एका दाढेचं टोक किंचित पॉलिश केलं. आता भाजलेलं कणीस दोन्ही बाजूंनी खाते, मला तर एवढं बरं वाटलं ना.

एक स्टार कापला कारण टी-स्कॅनचा चार्ज पॅकेजमध्ये नाहीये आणि ते आधी सांगत नाहीत, सुरुवातीलाच विचारून घ्या. शनिवारी संध्याकाळी अपॉइंटमेंट असली तरी खूप बसावं लागतं, जमलं तर मधल्या वारी सकाळची घ्या. आणि रिटेनर तुटला तर नव्याचे पैसे वेगळे पडतात, जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवू देऊ नका मुलांना, सरळ कचऱ्यात जातो.